मद्यालयाचे भाडे आणि सूक्ष्मदर्शकाचे टेबल : मेंदूविज्ञानातील व्याख्यान व प्रवासवृत्ती यांचा इतिहास

मेंदू आणि मज्जासंस्था यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय विभागाच्या सूचनाफलकावर सत्राच्या आरंभी दोन प्रकारच्या सूचना शेजारीशेजारी लागलेल्या असतात. पहिल्या प्रकारात येत्या महिन्यांतील व्याख्यानांची यादी असते, म्हणजे वक्ता कोण, कोठून येणार, विषय काय आणि चहा किती वाजता. दुसऱ्या प्रकारात शिष्यवृत्त्या, उन्हाळी अभ्यासवर्ग, परिषदेला जाण्यासाठी मिळणारे प्रवासभाडे आणि एखाद्या दूरच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करण्याची संधी यांची माहिती असते. आज या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेचे भाग वाटत असल्या, तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. व्याख्यानाची प्रथा दानपत्रातून आणि तिकिटातून आली. शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्याला पैसे देण्याची प्रथा विद्यापीठांच्या व सरकारांच्या तिजोरीतून आली आणि तीही बरीच उशिरा. मेंदूच्या शास्त्रात या दोहोंची गाठ विशेष घट्ट बसली, कारण या शास्त्रातील पुरावा नुसता सांगून भागत नसे. तो डोळ्यांनी पाहावा लागे, आणि त्यासाठी एक तर दाखवणाऱ्याला प्रवास करावा लागे किंवा पाहणाऱ्याला.

दानपत्राची कथा लंडनमधील आहे. विल्यम क्रून हे रॉयल सोसायटीच्या अगदी आरंभीच्या सदस्यांपैकी एक वैद्य होते आणि स्नायू आकुंचन कसे पावतात, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न होता. १६८४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा या विषयावर नियमित व्याख्याने व्हावीत अशी योजना त्यांच्या कागदपत्रांत होती, परंतु तिच्यासाठी पैशाची तरतूद केलेली नव्हती. ती तरतूद त्यांच्या पत्नी मेरी यांनी १७०१ च्या आपल्या मृत्युपत्रात केली. लंडनमधील लॅम्बेथ हिलच्या कोपऱ्यावर 'किंग्ज हेड' नावाचे एक मद्यालय होते. त्याच्या निव्वळ भाड्याचा पाचवा हिस्सा रॉयल सोसायटीला मिळावा आणि त्यातून मज्जातंतू व स्नायूंच्या गतीवर व्याख्यान व्हावे, अशी ती व्यवस्था होती. पहिले व्याख्यान प्रत्यक्षात १७३८ मध्ये झाले आणि ते अलेक्झांडर स्ट्युअर्ट यांनी दिले. मज्जातंतूंतून एखादा सूक्ष्म द्रव वाहतो आणि त्याने स्नायू फुगतो, अशी समजूत तेव्हा प्रचलित होती, त्यामुळे आरंभीच्या व्याख्यानांतील बरेचसे विवेचन आज कालबाह्य ठरले आहे. भाडे मात्र येत राहिले. एका दारूच्या दुकानाच्या उत्पन्नावर मज्जाशास्त्राची सर्वांत मानाची व्याख्यानमाला उभी राहावी, यात त्या काळच्या इंग्रजांना काही वावगे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते, कारण आपल्याकडील देवस्थानांच्या इनाम जमिनींप्रमाणेच त्यांच्याकडील विद्यासंस्थाही भाड्यावर आणि खंडावर चालत असत.

तिकिटाची कथा पॅरिसची आहे आणि तिचा आरंभ गोव्याशी जोडलेला आहे. बारदेशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया हे धर्मोपदेशक १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात पाच फ्रँक प्रवेशशुल्क घेऊन व्याख्याने देऊ लागले. विषय होता कृत्रिम रीतीने आणलेली झोप, म्हणजे ज्याला पुढे संमोहन हे नाव पडले ती अवस्था. मेस्मर या वैद्यांच्या अनुयायांच्या मते ही अवस्था प्रयोग करणाऱ्याच्या देहातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवामुळे येत असे. फारिया यांनी असा कोणताही द्रव नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातच घडते, असे ठामपणे मांडले आणि श्रोत्यांतील लोकांना खुर्चीत बसवून, डोळे मिटायला सांगून, झोपण्याची आज्ञा देऊन ते दाखवूनही दिले. त्यांच्या वाट्याला टिंगलच अधिक आली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसन झाले आणि १८१९ मध्ये, त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे मूलतः बरोबर होते, हे नान्सी येथील बर्नहाइम यांनी मान्य करेपर्यंत बराच काळ जावा लागला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला त्यांचा पुतळा, आडव्या होत चाललेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेल्या माणसाचा, १९४५ मधील रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या हातचा आहे. पुतळ्यातील आविर्भाव पाहिला तर त्या व्याख्यानांत सांगण्यापेक्षा दाखवण्यावर किती भर होता, याची कल्पना येते.

दाखवण्याची ही पद्धत त्याच शहरात विद्यापीठीय प्रतिष्ठेला चढली ती झाँ-मार्तें शार्को यांच्यामुळे. त्यांचे रुग्णालय साल्पेत्रिएर हे मुळात बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचे कोठार होते, त्यावरूनच त्याला ते नाव पडले. पुढे तेथे निराधार, वृद्ध आणि वेड्या ठरवलेल्या हजारो स्त्रियांना ठेवले जाऊ लागले. शार्को १८६२ पासून तेथे वैद्य होते आणि १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. त्यांची व्याख्याने दोन प्रकारची असत. शुक्रवारचे व्याख्यान आधी नीट लिहून, आकृत्या व प्रकाशचित्रे जुळवून, बांधेसूद रीतीने दिले जाई. मंगळवारचा वर्ग मात्र बाह्यरुग्णांचा असे आणि त्यात पूर्वी न पाहिलेल्या रुग्णाला श्रोत्यांसमोर आणून, प्रश्न विचारून, चालायला लावून, हाताचा कंप दाखवून तिथल्या तिथे निदानाकडे जाण्याची वाट उलगडली जाई. वेगवेगळ्या कंपांतील फरक लांब बसलेल्यांनाही कळावा म्हणून रुग्णांच्या टोपीत लांब पिसे खोवली जात, अशी हकीकत त्या काळच्या वर्णनांत येते. श्रोत्यांत वैद्यांबरोबर लेखक, पत्रकार आणि नटही असत. आंद्रे ब्रुइए यांनी १८८७ मध्ये रंगवलेल्या भव्य चित्रात शार्को बोलत आहेत, त्यांच्या शेजारी संमोहित अवस्थेतील ब्लांश विटमान ही रुग्ण स्त्री मागे कलली आहे, तिला सावरून शिष्य बाबिन्स्की उभे आहेत आणि समोर तीसएक पुरुष टक लावून पाहत आहेत.

याच सभागृहात १८८५ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाहून एक एकोणतीस वर्षांचा वैद्य येऊन बसला. सिग्मंड फ्रॉइड तोपर्यंत मनोविश्लेषक झालेले नव्हते; लँप्री या माशासारख्या प्राण्याच्या आणि गोड्या पाण्यातील झिंग्याच्या चेतापेशींवर त्यांनी काम केले होते आणि मेंदूच्या शरीररचनेचे अभ्यासक अशीच त्यांची ओळख होती. पॅरिसला येण्यासाठी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठाने सहाशे गुल्डनची प्रवासवृत्ती दिली होती आणि ती मिळावी म्हणून प्राध्यापकांच्या मतांची जुळवाजुळव होईपर्यंत त्यांना बरीच धाकधूक सोसावी लागली होती. फेब्रुवारीअखेरपर्यंत ते तेथे राहिले, शार्को यांच्या व्याख्यानांचा जर्मन अनुवाद आपण करू असे त्यांनी सुचवले, तो केलाही, आणि सूक्ष्मदर्शकावरून त्यांची नजर रुग्णाच्या बोलण्याकडे वळली ती या महिन्यांतच. व्याख्यान आणि प्रवासवृत्ती या दोन प्रथांची इतकी परिणामकारक भेट त्याआधी क्वचितच झाली असेल. ब्रुइए यांच्या चित्राची प्रत पुढे फ्रॉइड यांच्या तपासणीच्या खोलीत टांगलेली असे.

मात्र साल्पेत्रिएरच्या इतिहासात एक धडा दडलेला आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून या व्याख्यानांचे कौतुक करणे इतिहासाला धरून होणार नाही. मेंदूत व पाठीच्या कण्यात ठिकठिकाणी कठीण चट्टे पडण्याचा विकार, स्नायूंना चालवणाऱ्या पेशी झिजत जाण्याचा विकार, यांविषयी शार्को यांनी जे सांगितले ते आजही मूलतः टिकून आहे. याउलट हिस्टेरियाच्या चार अवस्था आणि संमोहनाचे टप्पे यांविषयी त्यांनी त्याच व्यासपीठावरून, त्याच आत्मविश्वासाने जे सांगितले, ते १८९३ मध्ये त्यांचे निधन होताच ढासळू लागले आणि चित्रात त्या स्त्रीला सावरणाऱ्या बाबिन्स्की यांनीच पुढे ही लक्षणे बव्हंशी सूचनेतून निर्माण होतात असा निर्वाळा दिला. फरक वक्तृत्वात नव्हता. पहिल्या प्रकारच्या विकारांत रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू व मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जेची दोरी, विच्छेदनाच्या टेबलावर येत असे आणि व्याख्यानात सांगितलेले खरे की खोटे, हे तेथे कोणालाही तपासता येत असे. दुसऱ्या प्रकारात सभागृह होते, पण टेबल नव्हते. ज्या स्त्रियांना श्रोत्यांसमोर आणले जाई त्यांनाही आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे पुरते ठाऊक झालेले होते.

सभागृह आणि टेबल यांचा असा जाहीर सामना १८८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत झाला. तीन हजारांहून अधिक प्रतिनिधींच्या त्या मेळाव्यात स्ट्रासबुर्गचे गोल्ट्झ यांनी, मेंदूच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या कामांची निरनिराळी क्षेत्रे नसतात, हे सिद्ध करण्यासाठी मेंदूचा बराच भाग काढून टाकलेला, तरीही चालणारा-फिरणारा एक कुत्रा आणला. उलट डेव्हिड फेरिअर यांनी, हालचालींचे विशिष्ट क्षेत्र काढल्यामुळे एका बाजूचा पक्षाघात झालेले माकड सादर केले. ते माकड खुरडत आत आले तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या शार्को यांना आपल्या रुग्णालयातला रोगीच समोर आल्यासारखे वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. वाद मिटला तो बोलण्याने नव्हे, तर दोन्ही प्राण्यांचे मेंदू काढून तपासण्यात आले तेव्हा. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूत त्यांनी सांगितले होते त्याहून बराच अधिक भाग शिल्लक असल्याचे आढळले. त्या तपासणीत केंब्रिजच्या लँग्ली यांच्याबरोबर एक तरुण विद्यार्थी होता, चार्ल्स शेरिंग्टन, आणि कुत्र्याच्या त्या मेंदूवरच त्यांचा पहिला संयुक्त शोधनिबंध लिहिला गेला. फेरिअर यांना मात्र त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्याच्या कायद्याखाली न्यायालयात खेचण्यात आले. शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केलेली नव्हती, परवाना असलेले सहकारी येओ यांनी केली होती, हे दिसून आल्यावर ते सुटले.

या सगळ्या सोहळ्यांपेक्षा बर्लिनमध्ये १८८९ च्या ऑक्टोबरात जे घडले ते बाहेरून पाहता अगदी साधे होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या मंडळाचे अधिवेशन भरले होते आणि बार्सिलोनाहून आलेला एक सदतीस वर्षांचा प्राध्यापक खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शके मांडून बसला होता. सांतियागो रामोन इ काहाल यांना जर्मन बोलता येत नव्हते, फ्रेंच मोडकेतोडके येत होते, आणि प्रवासाचा खर्च त्यांनी स्वतःच्या बचतीतून केला होता. त्यांच्यापाशी असलेला त्साइस बनावटीचा सूक्ष्मदर्शकही पगारातून घेतलेला नव्हता. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने तो त्यांना भेट दिला होता. स्पॅनिश भाषेतील संशोधन कोणी वाचत नाही, म्हणून १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले होते, त्याच्या अवघ्या साठ प्रती छापल्या जात आणि बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना फुकट पाठवल्या जात. उत्तरे फारशी येत नसत. लिहून पटत नाही म्हटल्यावर दाखवायला जाणे एवढाच मार्ग उरला होता.

त्यांनी काय दाखवले, हे समजण्यासाठी ती कृती जवळून पाहिली पाहिजे. मेंदूचा तुकडा नुसता कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात फारसे काही दिसत नाही, आणि सर्व पेशी रंगवल्या तर फांद्यांत फांद्या गुंतलेल्या दाट जंगलाप्रमाणे सगळाच काळोख होतो. इटलीत आबियातेग्रास्सो या गावच्या रुग्णालयात काम करणाऱ्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये यावर एक तोड काढली. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात काही दिवस मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडायचा. पेशींच्या आत चांदीचा क्षार साचतो आणि पिवळसर पार्श्वभूमीवर काही पेशी आपल्या सर्व फांद्यांनिशी काळ्याभोर उठून दिसतात. यातला 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण शंभरांतल्या एखाददुसऱ्याच पेशीला हा रंग चढतो, का चढतो हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच जंगलातले एकेक झाड सुटे पाहता येते. ही पद्धत लहरी म्हणून बहुतेकांनी सोडून दिली होती. काहाल यांना ती १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो यांनी दाखवली. त्यांनी तीत दोन बदल केले. दोन्ही द्रावणांची प्रक्रिया त्यांनी पुन्हा एकदा केली, म्हणजे रंगाचे दुहेरी पूट दिले, आणि प्रौढ प्राण्यांऐवजी पक्ष्यांची गर्भावस्थेतील पिल्ले व नवजात प्राणी घेतले, कारण त्या वयात मज्जातंतूंवर चरबीचे वेष्टन अजून चढलेले नसते आणि हे वेष्टनच रंगाच्या आड येत असे.

अशा रीतीने तयार झालेल्या काचपट्ट्यांवर लहान मेंदू, दृष्टिपटल आणि मेरुरज्जू यांतील पेशी सुट्या सुट्या दिसत होत्या. एकीची फांदी दुसरीच्या अंगाला बिलगून थांबत होती, पण तिच्यात मिसळून जात नव्हती. गोल्जी यांच्यासह बहुतेकांचे तेव्हा असे मत होते की, सर्व चेतापेशींच्या फांद्या एकमेकींत विलीन होऊन एक अखंड जाळे बनते. अधिवेशनात वाचन चालू असताना काहाल यांच्या टेबलाकडे आरंभी थोडेच लोक आले आणि आलेले चेहऱ्यावर अविश्वास घेऊन आले. त्यांत वुर्त्सबुर्गचे आल्बर्ट फॉन क्योलिकर होते. बहात्तर वर्षांचे हे गृहस्थ त्या विषयातील युरोपचे सर्वांत ज्येष्ठ अभ्यासक होते आणि स्वतः जाळ्याच्या मताकडे झुकलेले होते. त्यांनी भिंगाला डोळा लावला, एकामागून एक काचपट्ट्या पाहिल्या, आणि त्या पाहुण्याला स्वतःच्या गाडीत बसवून मुक्कामी नेले, इतरांशी त्यांची गाठ घालून दिली. नंतर घरी परतून त्यांनी काहाल यांचे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि आपले जुने मत जाहीरपणे सोडले. सत्तरी उलटलेल्या माणसाने हे करावे, ही गोष्ट कोणत्याही शोधाइतकीच दुर्मीळ आहे. त्याच अधिवेशनाच्या वर्तुळातील वाल्डेयर यांनी १८९१ मध्ये या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले आणि नाव देणाऱ्याचा बोलबाला शोधकर्त्यापेक्षा काही काळ अधिक झाला.

बर्लिनच्या टेबलावर जे पटले त्याला सभागृहाचा मान मिळाला तो १८९४ च्या मार्चमध्ये, जेव्हा रॉयल सोसायटीने क्रून व्याख्यानासाठी काहाल यांना बोलावले. मद्यालयाच्या भाड्यातून सुरू झालेल्या त्या मालेचे हे व्याख्यान त्यांनी फ्रेंचमध्ये दिले, केंब्रिजने त्यांना सन्माननीय पदवी दिली, आणि लंडनमध्ये ते ज्यांच्या घरी उतरले होते ते यजमान होते तेच शेरिंग्टन, ज्यांनी तेरा वर्षांपूर्वी गोल्ट्झ यांच्या कुत्र्याचा मेंदू तपासला होता. पाहुण्याने आपली खोली बाहेर जाताना कुलूपबंद ठेवली आणि आत काचपट्ट्यांची छोटी प्रयोगशाळाच मांडली, असे शेरिंग्टन पुढे सांगत. दोन पेशी जेथे भेटतात पण मिसळत नाहीत त्या जागेला नाव हवे, ही गरज शेरिंग्टन यांना तीन वर्षांनी, एका पाठ्यपुस्तकातील प्रकरण लिहिताना भासली आणि केंब्रिजच्या एका ग्रीक पंडिताच्या सल्ल्याने त्यांनी सिनॅप्स हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला चेतासंधी म्हणता येते.

१९०६ च्या डिसेंबरात स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले तेव्हा लागोपाठच्या दोन दिवशी दोन परस्परविरोधी व्याख्याने झाली. गोल्जी यांनी आदल्या दिवशी न्यूरॉनचा सिद्धान्त मोडीत काढण्याचा प्रयत्न केला, काहाल यांनी दुसऱ्या दिवशी त्याच गोल्जी यांच्या पद्धतीने मिळालेले पुरावे मांडून तो उभा केला. कोणतेही व्यासपीठ हा तंटा सोडवू शकले नाही. तो सुटला १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दिसली तेव्हा, आणि तोवर दोघेही हयात नव्हते.

काहाल यांचे या इतिहासातील दुसरे काम त्यांच्या शोधांइतके सांगितले जात नाही. १८९७ मध्ये माद्रिदच्या विज्ञान अकादमीत प्रवेश करताना त्यांनी जे भाषण केले ते तरुण संशोधकांना उपदेश करणारे होते. संशोधकाने विषय कसा निवडावा, उपकरणांची हाव का धरू नये, निबंध कसा लिहावा, एवढेच नव्हे तर विवाह कोणाशी करावा, इथपर्यंत त्यात सल्ला आहे, आणि पुस्तकरूपाने निघालेले ते भाषण अनेक भाषांत गेले. त्यातील विवाहविषयक भाग आज वाचवत नाही. परंतु केवळ उपदेश करून ते थांबले नाहीत. १९०७ च्या जानेवारीत स्पेनच्या सरकारने परदेशी अध्ययनासाठी वृत्त्या देणारे एक मंडळ स्थापन केले आणि त्याचे अध्यक्षपद काहाल यांच्याकडे आले, ते १९३४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. स्वतःच्या बचतीतून बर्लिनला जावे लागलेल्या माणसाच्या हाती आता दुसऱ्यांना पाठवण्याचा अधिकार होता. या मंडळाच्या वृत्तीवर जर्मनीला जाऊन शिकलेल्या सेव्हेरो ओचोआ यांना पुढे १९५९ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वृत्तीवर बाहेर जाऊन आलेले पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये मेंदूतील अगदी लहान, फिरत्या, साफसफाई करणाऱ्या पेशी चांदीच्या नव्या क्षाराने रंगवून वेगळ्या काढल्या. काहाल यांच्याशी त्यांचे पटले नाही, प्रयोगशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले, पण याच मंडळाने चालवलेल्या माद्रिदच्या विद्यार्थिगृहात त्यांना कामाला जागा मिळाली. व्यक्तींचे वैर वेगळे आणि व्यवस्था वेगळी, एवढा पोक्तपणा त्या व्यवस्थेत होता.

१९२४ मध्ये प्रवासाची दिशा उलटली आणि शिकायला बाहेरचा माणूस माद्रिदला आला. अमेरिकन शल्यवैद्य वाइल्डर पेनफिल्ड हे पूर्वी ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्या हाताखाली शिकले होते. शेरिंग्टन यांच्या वर्गात विद्यार्थ्याला नुसते ऐकायला बसता येत नसे. टेबलावर स्वतःच्या हाताने प्रयोग करायचा आणि काय दिसले ते स्वतः लिहायचे, असा तेथील शिरस्ता होता आणि त्या प्रयोगांचे पुस्तकच त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूला झालेल्या जखमेचा वण कसा बनतो आणि त्यातून अपस्मार, म्हणजे फेफरे, का उद्भवते, हे पेनफिल्ड यांना शोधायचे होते, आणि त्यासाठी लागणारे रंगकाम रिओ-होर्तेगा यांच्या टेबलावरच शिकता येत होते. काही महिने तेथे काढून ते परतले, माँट्रियलला गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी तेथे मज्जाविकारांची संस्था उभारली, जिच्यात शस्त्रक्रियेची खोली, प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृह एकाच छताखाली होते. स्पेनमधील मंडळ यादवी युद्धाच्या अखेरीस बरखास्त झाले; रिओ-होर्तेगा परागंदा होऊन १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेसला वारले.

माँट्रियलच्या या संस्थेतून एक धागा भारतात आला. तेथे शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला देशातील पहिला मेंदूशल्यविभाग सुरू केला. मुंबईतील या शाखेच्या पायाभरणीत ज्यांचे नाव घेतले जाते ते राम गिंडे हेही माँट्रियलचेच विद्यार्थी होते. चँडी, मद्रासचे बी. राममूर्ती आणि मज्जाविकारतज्ज्ञ बलदेव सिंग व एस. टी. नरसिंहन या चौघांनी १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली तेव्हा चौघांत दोन शल्यवैद्य आणि दोन औषधवैद्य होते, आणि दोन्ही शाखांनी एकाच सभेत बसावे हा आग्रह आरंभापासून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वाटचाल जगभर फार वेगाने झाली. १९६१ मध्ये युनेस्कोच्या पाठबळाने मेंदूसंशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना आली. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रान्सिस श्मिट यांनी भौतिकी, रसायन, मानसशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांतील माणसांना एकत्र बसवणारा उपक्रम सुरू केला आणि न्यूरोसायन्स हा शब्द प्रचारात आणला. १९६६ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतील बोल्डर येथे त्या उपक्रमाचा मोठा अभ्यासवर्ग भरला. १९६९ मध्ये अमेरिकेत सोसायटी फॉर न्यूरोसायन्स निघाली. तिचे पहिले वार्षिक अधिवेशन १९७१ मध्ये वॉशिंग्टनला झाले, त्याला सुमारे चौदाशे लोक होते. पुढे हीच संख्या तीस हजारांच्या वर गेली. इतक्या गर्दीत प्रत्येकाला व्यासपीठ मिळणे अशक्य असल्याने भित्तिपत्रकाची पद्धत रुळली, म्हणजे संशोधकाने आपले काम एका मोठ्या तक्त्यावर लावून त्याच्या शेजारी उभे राहायचे आणि येणाऱ्याला समजावून सांगायचे. तिला नवलाई म्हणणे बरोबर नाही. बर्लिनमध्ये खिडकीजवळ टेबल मांडून बसलेले काहाल दुसरे काय करत होते?

याच काळात मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढच्या दशकात त्यांचे लक्ष फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले. ही पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी बारीक माशी. तिच्या जनुकांत बदल घडवून कोणत्या बदलाने तिचा वास किंवा चव घेण्याचा गुण जातो, हे पाहिले की वास आणि चव यांमागची यंत्रणा उलगडत जाते. सिद्दिकी यांचे काम वाचून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी मुंबईला येऊन दाखल झाली. वेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियातला, घराणे मूळचे गोव्याचे. परदेशी पदवी घेऊन शिकण्यासाठी भारतात येणे त्या काळी उलट्या दिशेचा प्रवास होता. चव आणि गंध ओळखू न शकणाऱ्या माश्यांविषयीचा त्यांचा व सिद्दिकी यांचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, १९८१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि ज्या विभागाच्या टेबलावर शिकण्यासाठी त्या आल्या होत्या त्याच विभागाच्या पुढे त्या प्रमुख झाल्या.